नाद करा, पण कानानं

वाचकाचं पत्र: नमस्कार काका. मी विश्रामबागेत राहतो, कुपवाड एमआयडीसीत नोकरी करतो, वय २६. घरची २०१८ ची स्विफ्ट पेट्रोल आहे, आता मीच वापरतो. मागचा सायलेन्सर गंजून खालून भोक पडलंय, गाडी ट्रॅक्टरसारखी वाजते. बदलायचाच आहे तर भारीतला का बसवू नये, असं मनात आलं. दुकानदारानं तीन पर्याय सांगितलेत. नुसता मागचा डबा ९,५०० रुपये. मधला रेझोनेटर (घुमणारा आवाज गिळणारा डबा) काढून सरळ पाइप आणि मागचा डबा १६,०००. किंवा हेडरपासून (इंजिनाला लागून असलेल्या पाइपांपासून) मागपर्यंत सगळं, अडीच इंची पाइप टाकून, कॅट (धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) काढून, ३४,०००. जुना कॅट त्याला दिला तर पाच हजार कमी करतो म्हणतोय. मित्राच्या पोलो टीएसआयला असंच काम केल्यावर गाडी पळायला लागली. मला आवाजही हवा आणि पिकअपही हवा. बाबा म्हणतात, गल्लीत आवाज आला तर किल्ली काढून घेईन. काय करू?
— स., सांगली

स.,

पत्रात एक वाक्य तू घाईघाईनं उरकलंस आणि माझं लक्ष तिथंच अडकलं. ‘जुना कॅट दिला तर पाच हजार कमी करतो.’ आधी त्या पाच हजारांचं बघू, मग आवाजाकडं वळू.

कॅटच्या फुगीर डब्यात मधाच्या पोळ्यासारखी बारीक जाळी असते. तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या धातूंचा लेप असतो. वजनानं काही ग्रॅमच, पण सोनाराच्या काट्यावर मोजावेत असे हे धातू. जुने कॅट गोळा करून त्यातून ते परत काढायचा रीतसर धंदा चालतो. तेव्हा तुला जी सूट वाटतेय ती खरेदी आहे. माल तुझा, भाव त्याचा, आणि काढायची मजुरीही तूच देणार.

बरं, तो निघाल्यावर काय होतं? ती जाळी कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांना बऱ्यापैकी निरुपद्रवी करून बाहेर सोडते. तिच्या पुढं एक आणि मागं एक असे दोन ऑक्सिजन सेन्सर बसलेले असतात. मागचा सेन्सर जाळी काम करतेय का यावर नजर ठेवतो. जाळी गायब झाली की डॅशबोर्डवर चेक लाइट लागतो आणि स्कॅनरवर पी०४२० हा कोड येतो. मग हाच दुकानदार सेन्सर फसवायला स्पेसर लावून देईल, त्याचे पैसे वेगळे. पीयूसीचं यंत्र मात्र स्पेसरला फसत नाही. बीएस-४ पेट्रोल गाडीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आहे, कॅटशिवाय तिथं पोचायची आशा धरू नकोस. शिवाय सिग्नलला तुझ्यामागं स्कूटरवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांतून पाणी येईल ते वेगळंच. कॅट जागेवर राहील. या मुद्द्यावर मी घासाघीस करत नाही.

आता पिकअप. तुझ्या स्विफ्टचं इंजिन १.२ लिटरचं, साधं, टर्बो नसलेलं, ८३ हॉर्सपॉवरचं. असल्या गाडीला कॅटच्या मागचं सगळं बदललं तरी दोन हॉर्सपॉवर वाढल्या तर नशीब, आणि त्याही वर, साडेपाच-सहा हजार आरपीएमला. विश्रामबाग ते कुपवाड तू सहा हजारांवर गाडी नेतोस का? नेत असशील तर बाबांना किल्ली काढून घ्यायला दुसरं कारणच नको. दोन हॉर्सपॉवर म्हणजे ८३ वर साधारण अडीच टक्के. तुझी गाडी पावणेनऊशे किलोच्या आसपासची, तुझ्यासकट हजारभर धर. तेवढाच फायदा गाडीतलं पंचवीस किलो ओझं उतरवून मिळतो. डिकीत वूफर असेल तर तो घरी ठेवून एक चक्कर मार, फुकटात ट्यूनिंग झालं.

मग मित्राची पोलो का पळाली? ती टर्बो आहे. टर्बोचं चाक फिरतं तेच मुळी एक्झॉस्टच्या झोतावर. चाकाच्या पुढं दाब जास्त आणि मागं कमी, असा फरक जेवढा मोठा, तेवढं ते चाक जोमानं आणि लवकर फिरतं. म्हणून टर्बोच्या मागची वाट मोकळी केली की तिथं खरंच फरक पडतो. त्यातून माझा अंदाज असा, की मित्रानं सायलेन्सरबरोबर ईसीयूचा रिमॅपही, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये बदलही, करून घेतलाय. एक तर तो तुला सांगायला विसरला किंवा तू मला लिहायला विसरलास. टर्बोत कॉम्प्युटरनं बूस्ट, म्हणजे इंजिनात कोंबलेल्या हवेचा दाब, वाढवला की गाडी बदलते. तुझ्याकडं वाढवायला बूस्टच नाही.

अडीच इंची पाइपाबद्दल तर मला दुकानदाराचं नवल वाटलं. लोक म्हणतात ‘इंजिनाला बॅक प्रेशर लागतं’. तसं काही नसतं, उलटा दाब कुठल्याच इंजिनाला नको असतो. इंजिनाला हवा असतो धुराचा वेग. गरम वायूचा एक झटका वेगानं निघून गेला की मागं थोडी पोकळी राहते आणि ती पुढचा झटका ओढून घेते. छोट्या इंजिनामागं गटारीएवढा पाइप टाकलास तर वायू पसरतो, थंड होतो, रेंगाळतो. गुऱ्हाळावर उभा राहिलायस कधी? चुलवाणाच्या मानानं धुराडं फार रुंद झालं तर धूर आतच थंडावतो आणि जाळाला ओढ राहत नाही. हिशेब अगदी हाच नव्हे, पण जवळचा आहे. वरच्या आरपीएमला कणभर मिळेल आणि खालच्या आरपीएमला, जिथं तू दिवसभर गाडी चालवतोस, तिथं गाडी मेल्यासारखी वाटेल. तुझ्या इंजिनाला कंपनीचा पाइप ज्या मापाचा आहे तेच माप किंवा फार तर दोन-तीन मिलिमीटर जास्त, एवढं पुष्कळ झालं. टाकायच्या आधी व्हर्नियर लावून मोजायला सांग. ‘अंदाजे तेवढाच’ म्हणाला तर दुसरं दुकान बघ.

म्हणजे उरला आवाज. हे मी कमी लेखत नाही. आमच्या भागात ‘नाद’ या शब्दाला दोन अर्थ आहेत आणि तुझ्या वयात दोन्ही एकदमच लागतात. मलाही लागले होते.

२००३ साली माझ्याकडं झेन होती. एका ओळखीच्या गॅरेजवाल्याच्या नादी लागून मी तिचा मधला रेझोनेटर काढून सरळ पाइप टाकला, म्हणजे तुझा सोळा हजारांचा पर्याय. जागेवर ॲक्सिलरेटर दिला तेव्हा अंगावर काटा आला. गल्लीतली पोरं बघायला जमली. त्याच आठवड्यात बायकोला घेऊन पुण्याला निघालो. आष्ट्यापर्यंत मी खुशीत. पेठ नाक्याला हायवेला लागलो, गाडी टॉप गिअरमध्ये स्थिर केली आणि आत एक ‘हूंऽऽ’ सुरू झालं. मोठं नव्हे, पण थांबेचना. काचा खाली केल्या तर वारा, वर केल्या तर हूं. कऱ्हाड येईतो बायकोनं पदर कानाशी धरला होता. साताऱ्याजवळ ती एवढंच म्हणाली, “ही विमानं उतरतात का कधी?” खंबाटकीच्या बोगद्यात मी काच उतरवून तिसरा गिअर टाकला, ते अर्धं-पाऊण मिनिट मात्र झकास गेलं. पण त्या अर्ध्या मिनिटासाठी जाऊन-येऊन आठ-नऊ तास डोकं धरून बसलो. परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी जुना रेझोनेटर बसवून घेतला. तो मी भंगारात दिला नव्हता, ही त्या प्रकरणातली एकमेव शहाणपणाची गोष्ट.

त्या हूंला इंग्रजीत ड्रोन म्हणतात आणि तो कुठून येतो हे कळलं तर तुझे पैसे वाचतील. चार सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्यात दोन स्फोट होतात. २,५०० आरपीएमला मिनिटाला पाच हजार, म्हणजे सेकंदाला साधारण ८३. पेटीच्या खर्जातली पांढरी तीन जवळपास याच कंपनाची असते. तंबोऱ्यावर तो खर्ज ऐकायला गोड. पण छोट्या गाडीची केबिन हीसुद्धा एक पोकळ पेटीच आहे. तिची स्वतःची घुमणारी पट्टी आणि इंजिनाची पट्टी जुळली की सगळा पत्रा गायला लागतो आणि थांबत नाही. मधला रेझोनेटर नेमका हा घुमणारा भाग गिळायला बसवलेला असतो. तो दिसत नाही, त्याच्यावर कुणाचं नाव कोरलेलं नसतं, म्हणून सगळ्यात आधी त्याच्यावरच करवत चालते.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत एकदा जवारी काढायला बसलेला कारागीर बघून ये. घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, कानस एकदा फिरवायची, तार छेडायची, कान लावायचा, पुन्हा एकदा फिरवायची. आवाज मोठा करायचा म्हणून तो घासत नसतो, आवाज उघडा आणि गोल करायचा असतो. सायलेन्सरचंही असंच आहे. आतून पडदे आणि कप्पे असलेल्या डब्यात आवाजाच्या लाटा एकमेकींवर आपटून विरतात, त्यामुळं तो दबका आणि जाड लागतो. भोकं पाडलेली सरळ नळी आणि भोवती काचेची लोकर, असा दुसरा प्रकार असतो. तो वरच्या पट्ट्या शोषतो, खर्ज सोडून देतो, आणि दोन-तीन वर्षांत लोकर जळत गेली की फाटका वाजायला लागतो. लोकर बदलता येणारा डबा नसेल तर चार सिलिंडरच्या घरगुती गाडीला मी कप्प्यांचाच डबा सुचवतो.

मोबाइलवरचे व्हिडिओ ऐकून काही ठरवू नकोस. फोनचा माइक मोठा आवाज आपोआप दाबतो आणि खर्ज तर त्याला नीट ऐकूच येत नाही, म्हणजे जो त्रास होणार तोच नेमका व्हिडिओत नसतो. दुकानदाराला सांग, हाच डबा बसवलेली दुसरी स्विफ्ट दाखव. तिच्या मालकाला चहा पाज आणि मागच्या सीटवर बसून वीस मिनिटं एका वेगात फिरून ये. पुढं नको, मागंच बस, ड्रोन तिथं जास्त लागतो. आणि बाबा मागंच बसणार आहेत.

कायद्याचं तुला कुणी सांगितलेलं दिसत नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणं कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तेच बजावून सांगितलंय. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ खाली परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. आवाज आणि धुराची मानकं मोडली तर कलम १९० खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड, शिवाय तीन महिने लायसन्सवर गदा. मोटारीसाठी आवाजाची मर्यादा ७४ डेसिबल आहे. ती ठरावीक पद्धतीनं, साडेसात मीटरवर माइक ठेवून मोजतात. चौकातला हवालदार तसं मोजत बसणार नाही हे खरं, पण त्याला कान आहेत आणि खाली वाकून बघता येतं.

आणि आपलं गाव कुठलं आहे ते बघ. विश्रामबागेतून मिरजेकडं निघालास की दोन्ही बाजूंना हॉस्पिटलं. हॉस्पिटलपासून शंभर मीटर शांतता क्षेत्र असतं, तिथं रात्रीची मर्यादा ४० डेसिबलची. रात्री अकराला तू तिथून दुसऱ्या गिअरमध्ये खेचत गेलास तर आयसीयूबाहेर बाकड्यावर बसलेला माणूस तुला काय म्हणेल, ते इथं छापता येणार नाही.

तर माझं मत: पहिला पर्याय. नुसता मागचा डबा, मधला रेझोनेटर आणि कॅट जसेच्या तसे, आणि डबा शांत जातीचा. कंपनीचा नवीन डबा बसवलास तर सगळ्यात निर्धोक, त्याला कुणी बोट लावू शकत नाही. पण ९,५०० घालायचेच असतील तर ते टिकाऊपणासाठी घाल, डेसिबलसाठी नको. जागेवर उभ्या गाडीत जुन्या चांगल्या सायलेन्सरएवढाच आवाज, आणि जोर दिल्यावर थोडा भरीव, यापुढं जायचं नाही.

स्टेनलेस स्टील ३०४ जातीचं आहे का विचार. दुकानदार लगेच लोहचुंबक काढून दाखवेल, चिकटत नाही म्हणून. त्या जादूला भुलू नकोस. ३०४ ला चुंबक चिकटत नाही हे बरोबर, पण २०१ आणि २०२ या स्वस्त जातींनाही चिकटत नाही, आणि त्या लवकर गंजतात. उलट कंपन्या सायलेन्सरला सर्रास वापरतात त्या ४०९ ला चुंबक चिकटतो, वरून तांबूसही होतो, तरी वर्षानुवर्षं टिकतो. म्हणून बिलावर ग्रेड लिहून घे. लिहून द्यायला तयार नसेल तर उत्तर मिळालंच. जोड आर्गन वेल्डिंगचे हवेत. माशाच्या खवल्यांसारखी सारखी रेघ दिसली पाहिजे, भोवती काळे शिंतोडे दिसले तर साध्या मशीननं चिकटवलंय. आणि पाइप वळवलेल्या जागी हात फिरव, वळणावर चपटा लागत असेल तर नको.

बसवताना तिथं उभा राहा. गाडीवरच वेल्डिंग करू देऊ नकोस, पेट्रोलची टाकी तिथंच आहे. डबा खाली काढून जोडायचा. काही कारणानं करावंच लागलं तर बॅटरीची निगेटिव्ह तार आधी सोडायला लाव, नाहीतर ईसीयू जाऊ शकतो. जुनी रबरं पुन्हा वापरू नकोस. आठ वर्षांची रबरं सैल होतात, मग डबा झोके घेतो आणि खड्ड्यात मागच्या ॲक्सलवर ठण्णकन् आपटतो. गॅस्केट नवीन. काम झाल्यावर चार माणसं बसवून एका स्पीडब्रेकरवरून गाडी घाल आणि ऐक. मग गाडी पूर्ण थंड झाल्यावर उघड्यावर चालू कर, मागच्या तोंडावर जाड फडकं क्षणभर दाब. पुढं कुठं फुसफुस ऐकू आली तर तिथं गळती आहे. ती ठीक केल्याशिवाय पैसे देऊ नकोस, कारण त्या धुरातला विषारी कार्बन मोनॉक्साइड पुढं गाडीत शिरला तर त्याला वास नसतो.

उरलेल्या पैशात पिकअपचं बघ. स्पार्क प्लग कधी बदललेस? एअर फिल्टर? गाडी जॅकवर घेऊन चारही चाकं हातानं फिरव, एखादा ब्रेक चिकटत असेल तर तोच तुझी दोन काय, पाच हॉर्सपॉवर खात असेल. इंजिनाची माउंटिंगं, म्हणजे ते पेलणारी रबरं, तीही बघून घे. ती खचली असली की गाडी घुमते आणि दोष सायलेन्सरवर जातो.

राहिलं ते भोक. ते कंपनीच्या चुकीनं पडलेलं नाही, तुझ्या रस्त्यामुळं पडलंय. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं, वाफ होऊन मागून जातं. रोजच्या पाच-सहा किलोमीटरमध्ये मागचा डबा पुरता तापतच नाही, वाफ आतच थंड होते आणि ते आम्लट पाणी तळाशी साचून पत्रा खातं. २०१९ च्या महापुरातून निघालेल्या काही गाड्यांचे डबे आम्ही कापले, तेव्हा गाळ निघाला होता, पण गंज तुझ्यासारख्या रोजच्या छोट्या फेऱ्यांच्या गाड्यांतच जास्त दिसला. नवीन डब्याच्या तळाला सर्वांत खालच्या जागी दोन-तीन मिलिमीटरचं भोक असतं, पाणी निघायला. नसेल तर पाडून घे, आणि हौशी वॉशिंगवाल्यानं ते एम-सीलनं बुजवलं नाही ना, हे सहा महिन्यांनी बघत जा. सकाळी तिथून पाणी ठिबकलं तर घाबरू नकोस.

आठवड्यातून एकदा गाडीला जरा लांबचं रान दाखव. रविवारी सकाळी आष्ट्यावरून पेठ नाका, तिथं मिसळ, परत. नवीन डबा बसवल्यावरची पहिली चक्कर तीच कर, बाबांना मागं बसव आणि आवाजाबद्दल काही विचारू नकोस. ते वाटेत झोपले तर डबा बरोबर निवडलास.